भाऊसाहेबांची फोल द्राक्षं

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच बागेत चहा प्यायला बसली की किस्से साचतातच. लोक आपापले किस्से हसत सांगतात. आमचे सांगताना मला अजून लाज वाटते, आणि तरी कोणी विषय काढला की गप्प बसवत नाही!

बाग भाऊसाहेब वकिलांची, गंगापूरच्या रस्त्याला. आम्ही तिघं रोजचे पाहुणे: फळांचे व्यापारी यासीनभाई, शाळेत संस्कृत शिकवणारे तात्या आणि पोस्टातला कारकून मी. सन तीसच्या पुढचे ते दिवस. भाऊसाहेबांनी मुंबईच्या एका नर्सरीतून विलायती द्राक्षाच्या काड्या मागवल्या. त्यांना जागा हवी म्हणून वहिनींनी लावलेली पेरूची झाडं तोडायचं ठरलं. त्या झाडांचे पेरू वहिनी पदरात भरून शेजारीपाजारी वाटायच्या. "पेरू काय, कुठंही मिळतात," असं भाऊसाहेब म्हणाले आणि आम्ही तिघांनी माना डोलावल्या. कुऱ्हाड चालू असताना वहिनी आत चहा करत होत्या.

*

काड्यांसोबत नावाची चिठ्ठी आली. फ्रेंच नाव होतं, फोल ब्लांश. भाऊसाहेबांनी हौसेनं पेंटर बोलावून पाटी करायला सांगितली. पेंटरनं पहिला शब्दच एवढा मोठा रंगवला की दुसऱ्याला जागा उरली नाही. तशीच पाटी वेलीपाशी लागली: ‘फोल’.

दुसऱ्या दिवशी कोर्टातले नाझर बाग बघायला आले. पाटी वाचून त्यांनी अगदी भाबडेपणानं विचारलं, "भाऊसाहेब, फोल आहे हे आधीच माहीत होतं, तर लावलंत कशाला?"

*

वेल मात्र जोरदार! तिसऱ्या वर्षी मांडव घडांनी वाकला. भाऊसाहेबांनी खास जज्जसाहेबांना बोलावलं. साहेबांनी एक मणी तोंडात टाकला, एक डोळा मिटला, आणि तो बराच वेळ उघडला नाही.

"छान आहे," ते म्हणाले. "लोणच्याला."

हे एक वेळ पचलं असतं. पण फाटकाशी जाऊन ते वळले आणि यंदा पेरू नाहीत वाटतं, असं विचारलं. भाऊसाहेब कोटाची बटणं लावत आणि सोडत राहिले. आम्ही तिघं गवताकडे बघत होतो.

*

यासीनभाई दोस्तीखातर दोन टोपल्या बाजारात घेऊन गेले. गेले तसे दुपारी परत आले, टोपल्या भरलेल्याच. एक तरी विकली गेली का, असं भाऊसाहेबांनी फार आशेनं विचारलं.

"गेली ना साब," यासीनभाई म्हणाले. "बाई घरून परत घेऊन आली. पैसे नको बोलली, फक्त द्राक्षं घ्या बोलली."

*

तात्यांना भाऊसाहेबांची ही दशा बघवेना. त्यांनी त्या नावाची इज्जत वाचवायचा चंग बांधला. फोल म्हणजे मुळात संस्कृत फल, फ्रान्सला जाता जाता त्याचा उच्चार बिघडला, असं त्यांनी एका रविवारी तासभर सिद्ध केलं. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

यासीनभाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, नाव तुम्ही गोड केलं. आता तेवढं द्राक्ष करा."

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक फ्रेंच पाद्री त्या रस्त्यानं चालला होता. खेड्यापाड्यांत राहून मराठी शिकलेला, त्यामुळे बोलणं अस्सल गावठी. वेल दिसताच तो न विचारता फाटक उघडून आत आला, घड तोडला आणि उभ्या उभ्या ती आंबट द्राक्षं खाऊ लागला. खाता खाता त्याचे डोळे भरून आले.

"माझ्या बापाच्या शेतात हीच हाय," तो म्हणाला. "पर ही खायची नाय. हिची दारू करत्यात."

भाऊसाहेब दारूबंदीच्या सभांत भाषणं करायचे! त्यांच्याकडे बघायचा आमचा धीर झाला नाही. पाद्र्यालाच दया आली असावी. पाटीवर बोट ठेवून तो म्हणाला, "फोल म्हंजे आमच्यात येडी. लय माजते, म्हून येडी."

भाऊसाहेबांना तेवढंच पुरलं. इतक्या वर्षांनी त्यांची मान वर झाली. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, तर त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "अगं, ऐकलंस का? ही फोल नाही. वेडी आहे, वेडी!"

वहिनींनी आधी पाद्र्याला कप दिला, मग आम्हाला. वेलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"वेडी ती नव्हे," त्या म्हणाल्या. "बाहेर झाडं तुटत असताना आत तुम्हा सगळ्यांसाठी चहा करत बसली होती, ती."

यासीनभाईंनी कप खाली ठेवला. तात्यांनी ठेवला, मीही ठेवला. चहा एकटा पाद्रीच प्याला.