टाचेत भरलेलं तांबं

वहिदा सिस्टरच्या तोंडी लागायचं नाही, हे शहागंजजवळच्या त्या सर्जनच्या दवाखान्यात जुना पेशंट नव्या पेशंटला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. बावीस वर्षं झाली, बाई जखमा धुते आहे. मूळची लासूर स्टेशनची. नर्सिंगला जाते म्हणाली तेव्हा घरात महिनाभर अबोला होता, आणि तरी ती गेलीच. तेव्हापासून तिच्या नाकावर जो राग बसलाय तो उतरायचं नाव घेत नाही. पट्टी भिजवून आलात, बोलणी खा. जखमेत हळद कोंबून आलात, बोलणी खा. आणि कुणाचं ऐकून टूथपेस्ट फासून आलात, तर मग देवच तुमचा वाली! पण तिच्या हाताखाली जखम भरते. म्हणून लोक निमूट ऐकून घेतात आणि परवा पुन्हा येतात.

तर या बाईच्या हाताखाली तीन महिने चतुराबाईंची टाच होती. दौलताबादचे नानासाहेब, पेरूची बाग असलेले, त्यांची ही बायको. शुगरनं दोन्ही पाय बधिर झालेले. चपलेत खडा गेला, चार दिवस टोचत राहिला, आणि बाईंना पत्ता नाही. टाचेला हा एवढा खड्डा पडला. डॉक्टरांनी नानासाहेबांना बाहेर बोलावून सांगितलं होतं, हाडापर्यंत गेलं तर पाय काढावा लागेल. तेव्हापासून दिवसाआड दोघं बसनं यायची. वहिदा मेलेलं कातडं कातरायची, धुवायची, गॉज भरायची. खड्डा भरत भरत रुपयाएवढा उरला.

"बघा काका, कसं लालचुटूक मांस आलंय!" ती म्हणाली होती. "अजून महिनाभर सांभाळा. बस."

आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा मुलगा विश्वजीत दवाखान्यात उगवला. वाळूजला कंपनीत नोकरी, बायकोच्या चेहऱ्यासाठी कुठल्याशा स्किन क्लिनिकच्या चकरा. त्यानं खिशातून बोटाएवढी बाटली काढली. आत निळंशार पाणी.

"कॉपर पेप्टाइड आहे, सिस्टर. नवं कातडं येतं याच्यानं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आईच्या जखमेवर पण चालेल."

वहिदानं बाटली उलटीसुलटी केली, चष्मा चढवला, आणि तिचा पारा चढला.

"शिकलेला आहेस ना तू? हे मागचं बारीक अक्षर वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

बाकावरच्या पेशंटांसमोर त्या पोरानं वाचलं. फक्त चेहऱ्यासाठी. उघड्या जखमेवर लावू नये. कान लाल झाले बिचाऱ्याचे.

"त्या मॅडमनं टाच बघितली? शुगर विचारली? या अल्लाह, तोंडाला लावायचं पाणी जखमेत ओतायला निघाले!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, या पेप्टाइडचे जखमांवर प्रयोग चालू आहेत, ते काही थोतांड नाही. पण ही बाटली निर्जंतुक नाही, हिचा जखमेशी संबंध नाही. एवढं बोलून ते आत गेले. वहिदा मात्र धुसफुसतच होती. नानासाहेबांनी हळूच विचारलं, "पर सिस्टर, त्याच्यात असतंय तरी काय?"

"तांबं असतं काका, तांबं! म्हणून ते निळं!" तिनं बाटली विश्वजीतच्या खिशात कोंबली. "चला, पुढचा पेशंट!"

झालं! रागाच्या भरात बाईनं अर्धंच सांगितलं, कसलं तांबं नि किती ते नाहीच, आणि मोकळी झाली.

ते अर्धं घेऊन नानासाहेब घरी गेले. माणूस वाईट नव्हता हो, पण डोक्यात एक बसलं की बसलं. त्यांच्या शेडमध्ये मोरचुदाचं आख्खं पोतं होतं. पेरूवर बुरशी आली की हेच मोरचूद चुन्याच्या पाण्यात मिसळून फवारायचं. बैलांची खुरं कुजली होती तेव्हा याच निळ्या पाण्यात बुडवली, आणि आठ दिवसांत बैल चालायला लागले. तेही तांब्याचंच, तेही निळंच. क्लिनिकवाल्यांनी बोटभर बाटलीत घालून मिरवावं आणि आपल्याकडं पोतंभर पडून असावं! त्यांनी खडे वाटले, पट्टी सोडली, बायकोच्या टाचेत पूड भरली आणि पट्टी पुन्हा बांधली.

तिसऱ्या दिवशी वहिदानं पट्टी उघडली. लाल मांस गेलं होतं. त्या जागी हिरवट काळी खपली होती, कडा भाजल्यासारख्या पांढऱ्या.

"काय भरलंय यात? कुणी भरलं?"

"मोरचूद," नानासाहेब म्हणाले. "तुमीच म्हणला ना, तांबं असतंय."

स्वतःचा राग आला की माणूस दुसऱ्यावर जास्त ओरडतो, तशी ती ओरडली. "फवारणीचं विष आहे ते काका! जित्या मांसात भरता? बैलाचं खूर आहे का हे?"

डॉक्टरांनी मेलेलं कापून काढलं, रक्त तपासायला पाठवलं. "हाडाला लागलं नाही. पाय काढायची वेळ टळली," ते नानासाहेबांना म्हणाले. "पण तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली." डॉक्टर गेले आणि इकडं सिस्टरची आणि नानासाहेबांची जुंपली. तुम्ही पट्टी सोडलीच कशी? तुमी नीट सांगायचं व्हतं!

"गप बसा दोघं!"

टेबलावर आडव्या असलेल्या चतुराबाई कोपरावर जोर देऊन उठल्या होत्या. "पाय काढायची येळ म्हंजी? माझा पाय काढणार व्हते?"

नानासाहेब टोपी काढून झटकायला लागले.

"तीन महिने तुमाला सगळ्यांला म्हायती, अन् मला नाय?" त्यांनी नवऱ्याकडं बोट केलं. "मी म्हणलं यांला, हे हाताला लागलं तर तुमी साबणानं धुता, माझ्या पायात कसं भरता? तर म्हणले, तुला काय कळतंय. अन् सिस्टर, तुमी! काका असं, काका तसं. मला एकदा तरी सांगितलं का काय लावता, काय दिसतंय? पाय बधिर झालाय माझा. मी नाय झाले!"

बावीस वर्षांत वहिदा सिस्टरला कुणी गप केलं नव्हतं. चुकलं होतं, आणि चुकलं हे कळायला एवढी टाच जळावी लागली होती.

"काका, तुम्ही बाहेर बसा," ती अखेर म्हणाली. स्टूल ओढून ती चतुराबाईंच्या उशाशी आली. "मावशी, हे सलाईन. यानं धुते. धुवू?"

"आधी दावा."

चतुराबाईंनी बाटली उजेडाकडं धरून नीट बघितली आणि परत दिली. "धुवा. अन् काय दिसतंय ते सांगा. खरं सांगा."

वहिदा पायाशी वाकली. "कडेनं सगळं भाजलंय, मावशी. मधे थोडं लाल आहे."

"किती?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढं."