सौ. आणि श्रीमती

निवृत्त झाले त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने मला गाठलं. अध्यक्षबाई स्वतः आल्या, हातात पेढ्यांचा पुडा. "बाई, तुमचं अक्षर सुरेख, आणि आता काय, वेळच वेळ." जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर ओरडून माझा घसा बसला होता. दुपारी दोन तास गुमान झोपायचं एवढीच इच्छा उरली होती. पण दारात पेढे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. मी कार्यवाह झाले.

मंडळाचं काम म्हणजे मूठ. कॉलनीतल्या घराघरात आम्ही झाकणाचा एकेक डबा दिलेला. सकाळी कुकर लावताना घरातल्या बाईने तांदळाची एक मूठ त्यात टाकायची. महिनाअखेरच्या रविवारी आम्ही दोघीतिघी पिशव्या घेऊन दारोदार फिरायचो, डबे रिकामे करून घ्यायचो आणि तो तांदूळ गरजू बायकांना वाटायचो. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात कुणाच्या डब्यात किडे, कुणाच्या डब्यात रिमोटचे सेल आणि शिवणाचं सामान. एक बाई तर दर वेळी म्हणायच्या, "अय्या, आजच यायचं होतं का?" आणि आत जाऊन महिनाभराच्या मुठी एकदम ओंजळीने टाकून आणायच्या.

पहिल्या महिन्यात आम्ही शहाण्यांनी सगळा तांदूळ एकाच पिंपात ओतला. त्यात कुणाच्या इगतपुरीच्या माहेरून आलेला इंद्रायणी, कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा. घेऊन गेलेल्या बायका पुढच्या वेळी बिचकत बिचकत सांगायला लागल्या की अर्ध्या भाताचा लगदा होतो आणि अर्धा दाताखाली कचकचतो. तेव्हापासून दारातच मूठ हुंगून तीन वेगळ्या पोत्यांत टाकायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षिका होते ना, निवडणं-टिपणं माझ्याच गळ्यात पडायचं.

हे सगळं मिळायचं कुणाला, तर फक्त विधवांना. मंडळाचा नियमच तसा होता, अध्यक्षबाईंच्या सासूबाईंनी घालून दिलेला. अर्जावर पहिलाच रकाना, सौ. की श्रीमती. सौ. लिहिलं की अर्ज बाजूला. "नवरा आहे ना तिला, मग निराधार कशी?" एवढं बोलून अध्यक्षबाई पुढचा अर्ज उचलायच्या. नवरा असून निराधार असलेल्या बायका मी शाळेच्या पालकसभेत ढिगाने पाहिल्या होत्या, पण पहिल्याच बैठकीत कुठे तोंड घालायचं म्हणून गप्प बसले. तीच माझी पहिली चूक.

ती आली तेव्हा अर्ज मीच भरून घेत होते. तिशीची असेल, अंबडकडच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. मुलगी चौथीत. नवरा तीन वर्षांपूर्वी सुरतेला गाडीवर कामाला जातो म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद. राहायला सासूच्या दोन खोल्या. सासू नामपूरकडची, पोराची वाट बघत बसलेली, आणि तिने सुनेला स्पष्ट सांगून ठेवलेलं की माझ्या पोराचं कुंकू कपाळावर आहे तोवर हे घर तुझं. सून ते कुंकू लावत होती, गळ्यात काळी पोत होती, आणि घरात तांदूळ नव्हता.

"बाई, काय लिहिताय?" तिने विचारलं.

मी श्रीमती लिहिलं. खोटं लिहिलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्या शाळेच्या मस्टरवर आम्ही सगळ्या शिक्षिका श्रीमतीच होतो, माझे मिस्टर ठणठणीत असताना मी सरकारदरबारी श्रीमतीच होते. सरकारला चालतं ते मंडळाला का चालू नये, असं मी स्वतःला समजावलं. खाली नवऱ्याच्या नावाच्या जागी त्याचं नाव लिहिलं, पुढे-मागे काही नाही. अध्यक्षबाईंनी न वाचता सही केली.

वाटप देवळाच्या सभामंडपात व्हायचं. एकेकीला पुढे बोलवायचं, पिशवी द्यायची, फोटो काढायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा. पहिल्या वाटपाला मी जरा लवकर निघाले, तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ती उभी दिसली. पदराने कपाळ पुसत होती. मग पोत गळ्यातून काढली, रुमालात गुंडाळली आणि कमरेला खोचली. तिने मला पाहिलं आणि मी तिला पाहिलं. सभामंडपात तिचं नाव मीच पुकारलं. फोटोत तिचं कपाळ पुसल्यामुळे लालसर दिसत होतं, अध्यक्षबाई मात्र छान हसत होत्या.

दर महिन्याला हेच. एकदा धीर करून मी अध्यक्षबाईंकडे विषय काढला, नियम जरा सैल करू या, टाकून दिलेल्याही घेऊ या. त्या म्हणाल्या, "अहो, उद्या नवऱ्याशी भांडून रांगेत उभ्या राहतील. आणि आपल्या यादीत एक जरी खोटी निघाली ना, तर देणारे हात आखडतील. सगळ्यांचाच तांदूळ बंद." खोटी कुठली आणि कुणामुळे, ते मी सांगितलं नाही. बोलले असते तर तिची पिशवी गेली असती, बाकीच्यांच्या पिशव्यांवर संशय आला असता. नाही बोलले तर तिला टाकीमागे उभं राहावं लागत होतं. मग मी राजीनामा दिला. त्यांनी तो वाचलाच नाही. ग्रुपमधून बाहेर पडले, तर पाच मिनिटांत परत आत घेतलं आणि खाली हसरे चेहरे. तीनदा बाहेर पडले, तीनदा आत. मिस्टर म्हणाले, "नोकरीतून सुटलीस, पण यातून काय सुटत नाहीस तू." त्यांना हसू येत होतं, मला रडू.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एका दात्याने वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त तेल, साखर, डाळ असं भरभरून दिलं. प्रत्येक पिशवीवर घेणारीच्या नावाची छापील चिठ्ठी हवी अशी त्यांची हौस. यादी छापखान्यात गेली. तिथल्या टाइप करणाऱ्याने श्रीमती, श्रीमती, श्रीमती अशी रांग पाहिली आणि प्रत्येक नवऱ्याच्या नावाआधी आपल्या मनानेच कै. लावलं. त्याचं तरी काय चुकलं? सगळ्या विधवाच होत्या ना. प्रूफ तपासायला माझ्याकडे आलं. मी चष्मा लावून बसले, ऱ्हस्वदीर्घ पाहिले, एका ठिकाणी 'पत्नी'ची वेलांटी चुकली होती ती लाल पेनने सुधारली, आणि छान म्हणून परत पाठवलं. ते कै. मला दिसलंच नाही. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या त्याचा हा उपयोग.

त्यात सभामंडप कुणाच्या तरी साखरपुड्याला दिलेला. म्हणून पिशव्या टेम्पोने घरोघर पोचवायचं ठरलं. सकाळी अकराला तिच्या घरी पिशवी गेली तेव्हा ती मेसमध्ये होती. पिशवी सासूने घेतली. म्हातारीला वाचता येत नाही. एवढं तेल-साखर कोण देतंय म्हणून तिने शेजारणीला चिठ्ठी वाचायला सांगितली, आणि शेजारणीने ती मोठ्याने वाचली.

दुपारी दोनला मला तिचा फोन आला. मागून रडण्याचा आवाज येत होता. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "बाई, तुम्ही या. घरात बायका जमल्यात. आत्याबाई म्हणतात, मंडळाला कळलं ते मला कसं नाही कळलं."

"घाबरू नकोस, मी येते आणि छपाईची चूक झाली म्हणून सांगते," मी म्हणाले.

ती एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "नका सांगू. चूक म्हटलं की विचारतील, मग विधवांच्या यादीत हिचं नाव कसं? वर्षभर तांदळासाठी माझ्या पोराला मारलंस, असं म्हणून आत्याबाई मला आजच बाहेर काढतील. मी पोरीला घेऊन कुठं जाऊ, बाई?"

मी रिक्षा पकडली. खरं सांगितलं तर एका बाईचं आणि पोरीचं छप्पर जाणार. खोटं सांगितलं तर एका आईला तिचा जिवंत असेल नसेल तो मुलगा मेला म्हणून सांगायचं. तिसरं काही सुचतंय का म्हणून मी डोकं खाजवत होते. तिसरं काही नव्हतं. एवढ्या छोट्या शब्दापायी मी स्वतःला आणि तिला कुठे नेऊन अडकवलं होतं, याचा मला भयंकर संताप आला. रिक्षावाला सुट्ट्यावरून काहीतरी बोलला तर मी त्या गरिबावरच खेकसले.

खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सून कोपऱ्यात. तिच्या बांगड्या कुणीतरी काढून ताटलीत ठेवल्या होत्या. पोरगी अजून शाळेत होती, तेवढंच नशीब. म्हातारी रडत नव्हती. रडून झालं असावं. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. ती बोलायची अर्धी मराठी, अर्धी अहिराणी.

"तुम्ही घरोघर जाईसन चौकशी करतस ना, बाई. उगीच कोन्ही लिखत नही. तुमले खबर शे."

आमच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, संपूर्ण चौकशी करूनच मदत दिली जाते. ते वाक्य माझंच होतं.

"तीन वरीस दाराले कडी नही लाई मी," म्हातारी म्हणाली. "रातले तो उना ते? आते लावसू." रात्री पोरगा आला तर म्हणून उघडं ठेवलेलं दार ती आता लावणार होती. मग माझ्याकडे सरळ बघून तिने विचारलं, "खरं सांगा. कोठे मरी गया मना पोर्‍या?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सून तेवढी बघत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, आत्ता उठावं आणि पळावं, चप्पलसुद्धा घालू नये.

"सुरतेला," मी म्हणाले.

"त्याले आग कोनी दिन्ही?"

"तिथे एक मंडळ आहे, आजी. आमच्यासारखंच."

म्हातारीने दोन्ही हात जोडले. "देव त्यासनं भलं करो," असं म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला पुन्हा रडू आलं.

दहावा गोदाकाठी झाला. अध्यक्षबाईंनी मंडळातर्फे सगळी व्यवस्था केली आणि ग्रुपवर फोटो टाकला, खाली पन्नासेक बायकांनी हात जोडले. सुनेला आता कपाळ पुसावं लागत नाही, पण ती माझ्याशी तांदळापलीकडे एक शब्द बोलत नाही. पुढे तिने तालुक्याच्या कचेरीत विधवा पेन्शनचा अर्जही करावा म्हणून म्हातारी तिच्या मागे लागली आहे, आणि दाखला कुठून आणायचा म्हणून मला फोन करते. मी आज-उद्या करत टाळते. मंडळ सोडायचा विषय मी केव्हाच सोडून दिला. यादी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर काय, याची धास्ती मला त्या कामाला बांधून घालते.

आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी एकच मागणं मागते. तो माणूस परत येऊ नये. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, त्याने माझं काही बिघडवलेलं नाही. तो जिथे असेल तिथे सुखी राहू दे, असं आधी म्हणायचे. आता तेवढंही म्हणत नाही.