अब्बांच्या प्लेअरला यापुढे अपडेट नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय.

अब्बा मासेमारीच्या बोटीवर असतात. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नाही, चार्जिंगचेही वांधे. म्हणून गाण्यांचा छोटा प्लेअर नेतात. एका चार्जिंगवर पाच दिवस चालायचा. या खेपेआधी मीच शहाणपणा करून त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं.

आज सकाळी जेटीवर उतरताच अब्बा म्हणाले, "पहिल्याच दिवशी बॅटरी संपली गो. चार दिवस नुसतं इंजिन ऐकलं."

प्लेअर दुकानात दाखवला, तर दुकानदार म्हणतो, "जुना झाला, नवा घ्या."

नाही घेणार! घरी येऊन जुनं फर्मवेअर परत टाकलं. दुपारपासून वाजतोय, बॅटरी जेमतेम उतरलीय.

चालती वस्तू बिघडवायची आणि वर नवी घ्या म्हणायचं, हे तुम्हाला चालतं?

आत्ताच स्क्रीनवर पुन्हा आलं, "अपडेट करा." अब्बांनी माझ्या हातातून प्लेअर काढून घेतला, 'नको' दाबलं आणि आवाज वाढवला.