फाटकाबाहेरचे तीन पाइप

जफरभाईंविषयी सरळ मनानं लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकते. दिग्रस तालुक्यातल्या आमच्या लहानशा शाळेचा हातपंप ते दुरुस्त करतात. चौथी शिकलेला माणूस, वय अठ्ठावन्न, खिशात पाना आणि कानावर बिडी. मी डी.एड., बावीस वर्षं शिकवतेय. तरी पोरं ऐकतात त्यांचं.

मागच्या मार्चमध्ये मी दुसरी-तिसरीला जलचक्र शिकवत होते. दिवाळीची अख्खी सुट्टी घालून तक्ता केला होता. घरच्या कापसाचे ढग, निळ्या लोकरीचा पाऊस, चमकीची नदी आणि तळाशी दोन बोटं तपकिरी कागदाची जमीन. समुद्राची वाफ होते तेव्हा मीठ खालीच राहतं, म्हणून पाऊस गोडा, असं मी रंगात येऊन सांगत होते. तेवढ्यात बाहेर लोखंड खणखणलं आणि अर्धा वर्ग खिडकीला लटकला.

जफरभाई दोन मजूर घेऊन पंपाचे पाइप उपसत होते. एकेक तीन मीटरचा. एरवी ते पाइपांचा ढीग लावतात. त्या दिवशी पोरं बघताहेत म्हटल्यावर त्यांनी ते पंपापासून एकापुढे एक मांडत नेले. अकरावा थेट फाटकाला टेकला.

"पाणी इतकं खाली हाय," ते म्हणाले. "वरतून पडलेलं पाणी मुरत मुरत एवढं चालत जाते. तुमीबी चालून पाहा."

पोरं दोनदा चालून आली. माझे ढग भिंतीवर एकटे राहिले.

पुढच्या महिन्यात केंद्रप्रमुख आले. "गोडं पाणी कुठं सापडतं रे?" त्यांनी विचारलं. दुसरीतली उर्वशी ताडकन उठली. "अकरा पाइप खाली!" साहेब खूश. "कोणी शिकवलं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "जफरचाचानं!" मी हसले, पण आतून माझा तिळपापड झाला होता. तक्त्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा फेब्रुवारीतच पंप नुसती हवा ओढू लागला. मी जफरभाईंना फोन केला. "शाळेच्या वेळेत येऊ नका, पोरं हुंदडतात. रविवारी या." पोरांनाही बजावलं, रविवारी पंपाजवळ कुणी फिरकायचं नाही, जड लोखंड असतं, लागेल. लागणार कुणालाच नव्हतं. पोरं माझी होती आणि मला ती माझीच हवी होती.

रविवारी देखरेखीच्या नावाखाली मी शाळेत गेले. खरं तर रिकामं मैदान बघायला गेले होते.

अकरा पाइप तसेच मांडलेले होते, फाटकापर्यंत. त्यांच्यापुढे, फाटकाबाहेर रस्त्यावर, तीन नवे कोरे. त्यांवर लाल ऑइलपेंटनं वेडेवाकडे आकडे घातलेले: १२, १३, १४.

"पोट्टे काहून नाही आले, मॅडम?" जफरभाईंनी विचारलं. "पाणी आनखी खाली गेलं, तीन पाइप जोडा लागते. पोरायले लगेच समजलं पाहिजे म्हणून घरून रंगवून आणले. मांडून ठेवले, तेव्हापासून वाट पाहून राह्यलो."

मला तोंड वर करवेना. व्हरांड्यात गेले आणि रविवारी, भर सकाळी, शाळेची घंटा बडवली.

पोरं धावत आली. माझ्या बाजूनं सुसाट निघून जफरभाईंकडे गेली. मला जळायचं होतं तेवढं मी जळले. मोजत मोजत पोरं फाटकापर्यंत पोचली, बाहेर पडली आणि चौदाव्यापाशी थबकली.

"चाचा, तीन पाइपाचं पाणी कुठं गेलं?" उर्वशीनं विचारलं.

जफरभाईंनी पाना खाली ठेवला. "हे मॅडमले विचार. मले फक्त खालचं मालूम हाय. पाणी येते कुठून, जाते कुठं, ते सारं त्याइले मालूम. त्याइच्या तक्त्यात हाय."

सगळी पोरं माझ्याकडे वळली. वर्षभरानं पहिल्यांदा. मी ज्यांना पोरांपासून लांब ठेवलं होतं, त्यांनी ती माझ्या हवाली केली, तीही इतक्या सहज. त्यांच्या जागी मी असते तर मला हे जमलं नसतं. त्याचाही मला हेवाच वाटला.