नव्वदचे बासष्ट

लातूरच्या आमच्या गल्लीत डॉक्टर-इंजिनियर पैशाला पासरी; पण अणूच्या गाभ्यात डोकं घालणारी एकच, सुमनबाईची बुद्धप्रिया. भूकंपानं किल्लारीकडचं घर गेलं, नवरा व्यंकटी गेला, तेव्हा सहा वर्षांच्या लेकीचं बोट धरून सुमनबाई लातूरला आली. पुढं क्लासेसचं पेव फुटलं तशी तिनं पोरांसाठी खानावळ टाकली.

लेकही असल्याच क्लासमध्ये घडली. तिथली रीत एकच: गणित सोडवत बसायचं न्हाई. खालचे चार पर्याय एकेक करून घालून बघायचे, बसला की गोल काळा करायचा. एवढं करूनही मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. गल्ली हळहळली. ही मात्र नांदेडला फिजिक्सला गेली अन् तिथंच संशोधनाला लागली.

काम काय, तर गाभ्यात न्यूट्रॉन प्रमाणाबाहेर झाले की तो टिकत न्हाई. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, अन् गाभा दुसराच होऊन बसतो. असल्या एका गाभ्याचं अर्धायुष्य हिनं मोजलं, म्हणजे निम्मे गाभे सरायला किती वेळ लागतो ते. प्रयोग जपानात झाला, आकडेमोड नांदेडात. उत्तर आलं नव्वद मिलिसेकंद, सिद्धान्तानं सांगितलं होतं अगदी तेवढंच! तिचे मार्गदर्शक शिवमूर्ती सर खूश. म्हणाले, "शोधनिबंध छापून आला की जपानची दोन वर्षांची जागा तुझीच." सुमनबाईनं गल्लीतलं एक दार सोडलं न्हाई सांगायचं.

निबंध पाठवून पोरगी चार दिवस घरी आली. खानावळीत जेवायला येणारी क्लासची पोरगी, देगलूरची जिक्रा, गणिताची वही घेऊन बसली होती.

"हे कसं काढलंस गं?" बुद्धप्रियानं विचारलं.

"काढलं कुठं, दीदी? पर्याय घालून बघितला, बसला."

"अन् पर्याय दिलेच न्हाईत तर?"

जिक्रा हसली. "मग काय, जे बरं वाटंल ते उत्तर समजायचं अन् तिथपर्यंत गणित आणायचं!"

बुद्धप्रियाच्या हातातला घास हातातच राहिला. मोजणीतले सुरुवातीचे वीस मिलिसेकंद तिनं 'यंत्राचा गोंधळ' म्हणून वगळले होते. का? ते वगळले की नव्वद येत होतं, म्हणून! गोंधळ खरंच आहे का, हे तिनं तपासलंच नव्हतं.

तिनं लॅपटॉप उघडला अन् यंत्राच्या नोंदी तपासल्या. गोंधळ कसला? सगळं चोख होतं. मूळ गाभा सुरुवातीलाच भराभर सरत होता. मागं त्याच्यापासून झालेला, सावकाश सरणारा दुसरा गाभा होता, अन् तिच्या मोजणीत तोही मिसळला होता. सगळे आकडे धरून तो वेगळा काढला तर उत्तर येत होतं बासष्ट. सिद्धान्ताच्या जवळपाससुद्धा न्हाई. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! पण तिनं फोन लावला.

"सर, निबंध परत घ्या. चूक माझी हाय."

शिवमूर्ती सरांनी सगळं ऐकून घेतलं. "जागा जाईल, बुद्धप्रिया. ते लोक थांबणार नाहीत."

"हाव, सर. ठाऊक हाय."

जपानची जागा दुसऱ्या कुणाला गेली. तपासून, पुन्हा तपासून, बासष्टचा निबंध छापून यायला वर्ष गेलं. वा रे पोरी! असलं काळीज मोठमोठ्यांना न्हाई.

पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर तिला एकच धास्ती होती, मायला काय सांगायचं? भाकरी थापणाऱ्या सुमनबाईजवळ बसून तिनं सगळं सांगितलं. सुमनबाईला गाभा कळला न्हाई. जागा गेली अन् का गेली, तेवढं कळलं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, अन् बाहेर पडली.

बुद्धप्रिया धास्तावून दाराशी गेली. माय शेजारच्या चांगुणाच्या उंबऱ्यावर उभी होती, जपानची बातमी सांगितली होती त्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगत होती, "जपान रद्द झालं, चांगुणा. माझ्या लेकीची चूक कुणालाच घावली न्हवती. तिनं सोताच धरली, अन् सोताच सांगितली!"

मग सुमनबाई पुढच्या दाराकडं निघाली.