एसीच्या पाण्यावरची बाग

दुसऱ्यांच्या एसीवर माझ्या चुलत सासूबाईंइतका जीव टाकणारं माणूस अख्ख्या मोशीत सापडायचं नाही. स्वतःच्या घरात एसी नाही, कारण त्यांना गारवा सोसत नाही. पण बिल्डिंगमध्ये कुणी नवा एसी घेतला, की पेढे वाटणार या. सगळं त्यांच्या ब्रोमेलियाडांसाठी. या झाडाच्या पानांचा मधोमध पेला होतो आणि पाणी त्या पेल्यातच घालायचं असतं. टँकरच्या क्षाराच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून सासूबाई घरोघरी एसीच्या नळीखाली कॅन लावून पाणी गोळा करत. मे महिन्यात कुणी पंख्यावर भागवलं, की "एवढं कमावता, मग जिवाला कशाला जाळता?" असं ऐकवत. झाडंही कुंडीत नाहीत, भिंतीवर. आंब्याच्या फांदीचा तुकडा घ्यायचा, झाडाच्या मुळांना ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि दोऱ्याने झाड त्यावर बांधायचं. दोरा संपला, की सासऱ्यांच्या लेंग्याची नाडी. ते बिचारे एका हाताने लेंगा सावरत दार उघडत.

वरच्या मजल्यावर कोकणातला एक मुलगा एकटाच राहायचा. चाकणच्या कंपनीत नाइट शिफ्ट, दिवसभर एसी लावून झोप. त्याच्या एसीची नळी सासूबाईंनी प्लंबर बोलावून थेट आपल्या बाल्कनीत उतरवून घेतली होती. एका भर दुपारी त्यांनी मला हाक मारली, "अगं, आज थेंब नाही. पोरगं घरात आहे, चपला दिसल्या मला." मी म्हटलं, "बंद केला असेल एसी." "या उन्हात?" म्हणत त्या जिना चढल्यासुद्धा. दार वाजवून वाजवून उघडलं, तर तो दोन चादरी पांघरून तापाने कुडकुडत होता. आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. "आणखी उशीर झाला असता, तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. पुढे तो बरा होईपर्यंत सासूबाई मऊ भात घेऊन वर जात. "काकू, उगाच त्रास तुम्हाला," तो म्हणे. "माझं पाणी अडलंय, म्हणून येते," या म्हणत.

यंदा त्याची कंपनी बदलली आणि तो राजगुरुनगरला राहायला गेला. जाताना सासूबाईंनी मोठ्या झाडाला फुटलेलं एक पिल्लू फांदीवर बांधून त्याला दिलं. परवा त्याचा फोन आला, तेव्हा सासूबाईंनी झाडाचीच चौकशी केली. पेल्यातलं पाणी बदलतोस का, ऊन लागतं का, पान पिवळं तर नाही ना. फोन ठेवून त्या बाल्कनीतल्या झाडांच्या पेल्यांत पाणी घालू लागल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तिकडं त्याच्या शेजारी कोण राहतं, विचारायचं राहिलंच गं."