एकोणीस नंबरचा फॉर्म

एकोणीस नंबरच्या फॉर्मवरचं एक उत्तर मी खोडरबराने पुसलं आणि त्या जागी दुसरं लिहिलं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, विद्यापीठात ज्या मॅडमनी मला शिकवलं त्यांना नाही, आणि जिचं ते उत्तर होतं तिला तर नाहीच. गोष्ट एवढीशीच आहे. सांगायला पाच वर्षं लागली.

मी राहायला चिंचवडला. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात बावीस वर्षं काढली. आमच्याकडे दर तासाला पाच नग उचलून मोजायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे, असा नियम. लाइन जोरात असली की दर तासाला कोण मोजतंय? शिफ्ट सुटताना आठही तासांचे आकडे एका बैठकीत भरले जायचे. सगळे सारखे भरायचे नाहीत. थोडा चढ-उतार ठेवायचा, एखादा मर्यादेच्या जवळ नेऊन सोडायचा, म्हणजे खरे वाटतात. यात माझा हात बसलेला होता. पण नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी बजावायचो, तक्त्यावर पेन्सिल चालणार नाही. चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी सही करा, पण पुसायचं नाही. खोटे आकडे चालत होते, पेन्सिल चालत नव्हती. यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलं नाही.

पंचेचाळिशीत मी पुन्हा शिकायला गेलो. शाश्वत विकास आणि सामाजिक उद्योजकता. नाव पाठ व्हायलाच आठवडा लागला. समाजासाठी काही करावं असं वाटत होतं का? वाटत असेलही. पण खरं कारण एक खुर्ची होती. कंपनीत समाजकार्याचा एक लहानसा विभाग होता, तिथले गृहस्थ निवृत्त होणार होते, आणि त्या जागेला पदवी लागत होती. माझे गुडघे गेले होते. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहून माणसाचं काय होतं ते ज्याचं त्याला माहीत.

वर्ग शनिवारी आणि रविवारी सकाळी असायचे. आमची सुट्टी गुरुवारची. म्हणजे सकाळी विद्यापीठ, तिथून धावतपळत कंपनीची बस, आणि पुढे दुसरी शिफ्ट. बायको दर शनिवारी दारात उभी राहून विचारायची, "निघालात का पाटी-पेन्सिल घेऊन?" वर्गातली मुलं माझ्या मुलीच्या वयाची. मॅडम फळ्यावर तीन गोल काढायच्या, एक माणसांचा, एक पृथ्वीचा, एक नफ्याचा. तिन्ही गोल जिथे एकमेकांवर येतात तिथे आपला विषय, असं त्या सांगायच्या. तोवर माझी मान खाली गेलेली असायची. शेजारचा मुलगा हळूच म्हणायचा, "काका, गोल माझ्या वहीत बघा नंतर. झोपा आता. हजेरीला उठवतो."

प्रकल्पाचा विषय मात्र मला चटकन सुचला. कंपनीत कामगार पांढरे सुती हातमोजे घालतात. एका शिफ्टमध्ये ते तेलाने काळे होतात आणि फेकले जातात. पोतीच्या पोती. ते धुऊन परत वापरले तर कचरा वाचेल, आणि धुण्याचं काम बायकांच्या बचत गटाला दिलं तर त्यांना रोजगार मिळेल. तिन्ही गोल एकमेकांवर आले. मॅडम खूश झाल्या. "हे फक्त तुम्हालाच सुचू शकत होतं," त्या म्हणाल्या. "आमची मुलं पुस्तकातून येतात. तुम्ही कारखान्यातून येता." असं कोणी मला कित्येक वर्षांत म्हणालं नव्हतं.

चाकणच्या पुढे एका गावाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती. तिथल्या बचत गटाने काम घेतलं. गटाची प्रमुख परभणीकडची होती. नवरा ठेकेदाराकडे कामाला, आणि ती चाळीतल्या बारा बिनलग्नाच्या कामगारांना डबे द्यायची. ज्वारीची भाकरी, एक भाजी, ठेचा. सकाळी सहाला तिच्या खोलीतून भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा तो आठपर्यंत. मला ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "दादा, डबे सोडून दुसरं काम करणार नाही मी. हे झालं की मोजे."

पंधरा दिवस काम करून बघायचं आणि मग प्रत्येकीला विचारून अहवालासाठी फॉर्म भरायचे, असं ठरलं होतं. गरम पाणी, धुण्याचा सोडा, आणि तेल सुटायला एक पावडर. ती पावडर मी निवडली होती. आमच्याकडे यंत्राचे सुटे भाग धुवायला तीच वापरत. सोळाव्या दिवशी गटातल्या बावीस बायकांचे बावीस फॉर्म घेऊन मी चाळीच्या ओट्यावर बसलो. अकरावा प्रश्न होता: या कामामुळे शरीराला काही त्रास झाला का?

तिचा नंबर एकोणिसावा होता.

"लिवा दादा," ती म्हणाली. "हात जळायलेत."

मी म्हटलं, "रबरी मोजे दिलेत ना?"

"दिलेत की. अर्ध्या तासात आत पाणी. मग तेच पावडरचं पाणी आत कोंडून बसतंय. तुमी घालून बगा एक दिस, मग इचारा."

बाजूच्या बाया हसल्या. एक म्हणाली, "बसवा गं दादाला टबापाशी. नाजूक दिसतेत."

ती हसली नाही. दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे होते, दोन ठिकाणी कातडी फाटलेली. "आता नीट ऐका. मला बारा डबे हायेत. भाकर हातानंच थापावी लागतीया, चमच्यानं नाही थापता येत. हात गेले की डबे गेले माझे. पावडर बदला, नाहीतर मला मोजायचं, गठ्ठे बांधायचं काम द्या. हे सगळं लिवा."

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तिने मान डोलावली. "हां. बरोबर. वरच्यांना दावा हे."

मी पेन्सिलीने लिहिलं होतं. बावीसच्या बावीस फॉर्म पेन्सिलीने भरले होते. पेन विसरलो होतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पेन खिशात होतं. ज्याने बावीस वर्षं लोकांना पेन्सिल वापरू दिली नाही त्याने त्या दिवशी पेन्सिल का उचलली, याचं उत्तर मला माहीत आहे.

पुढच्या गुरुवारी जेवणाच्या टेबलावर बसून मी फॉर्म पेनने पक्के करायला घेतले. शनिवारी अहवाल द्यायचा होता. कंपनीच्या समाजकार्याच्या समितीला विषय आधीच आवडला होता. एकोणीस नंबरचं उत्तर तसंच ठेवलं असतं, तर त्यावर एक प्रकरण लिहावं लागलं असतं. कातडीच्या डॉक्टरांना विचारा, दुसरी पावडर शोधा, पुन्हा पंधरा दिवस काम करून बघा. एक सत्र वाया गेलं असतं आणि खुर्ची दुसऱ्या कोणाला गेली असती. मी मनाशी म्हटलं, बावीसमध्ये एकच. मोजमापात एखादा आकडा असा सुटतोच. बायको पलीकडे भाजी निवडत होती. "काय एवढं खोडताय?" तिने विचारलं. "शुद्धलेखन," मी म्हटलं.

जागा पुसली आणि पेनने लिहिलं: विशेष त्रास नाही.

बावीसमध्ये एकच, असं वर लिहिलं, तेही खरं नाही. आणखी तिघी-चौघी "खाज येते थोडी" म्हणाल्या होत्या. ते मी कागदावर घेतलंच नव्हतं, म्हणून पुसायची वेळ आली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, "रोज इतकी पावडर वापरतात, बायकांच्या हातांचं काय?" मी म्हटलं, "प्रत्येकीला विचारलं, सर. फॉर्म सोबत जोडलेत." त्यांनी पानं उलटली आणि मान डोलावली. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला मिळाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा म्हणाला, "काका, झोपून पहिले आलात राव!"

काम सुरू झालं, त्याच पावडरवर. चाळीमागे शेड उभी राहिली, कंपनीच्या पत्रिकेत फोटो आला. खुर्ची मला मिळाली. आता दर आठवड्याला तिकडे जाणं माझ्या कामाचाच भाग होता, तरी मी आठ महिने गेलो नाही. फोनवर विचारायचो, फोटो मागवायचो. फोटोत हात टबात असतात, दिसत नाहीत.

गेलो तेव्हा ती शेडमध्ये नव्हती. खोलीबाहेर पायरीवर बसली होती. हातांना खोबरेल लावलेलं. बोटं सुजून जाड झाली होती आणि भेगा तळव्यापर्यंत उतरल्या होत्या. मला बघून तिने आत हाक मारली, "दादा आलेत, चहा टाका." चहा नवऱ्याने केला.

डबे गेले होते. आधी पीठ भेगांत जाऊन झोंबायचं, तरी ती रेटत राहिली. मग एकाने तिचे हात पाहिले, विचारलं, काकू, हे काय झालंय, आणि दुसऱ्या दिवशीपासून डबा बंद केला. मग बाकीच्यांनीही. "त्यांचंबी चुकलं नाही," ती म्हणाली. "असल्या हातची भाकर मलाबी गोड लागली नसती. घरच्या भाकरी आता हे थापतेत. भाकर कसली, नकाशे काढतेत नुसते." आतून नवरा म्हणाला, "खाताना नकाशा दिसत नाही का?" दोघं हसली. मी चहा पीत राहिलो.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"पावडर अंगाला बाधली म्हणतेत. मोजे धुयाचं काम कवाच सोडलं मी, पण आता साध्या साबणानं बी उठतंय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "तुमी तर लिवलं होतं दादा. वाचून दावलं होतं. वरच्यांनी वाचलं नसंल. मोठ्या लोकांना कुठं टाइम."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ती समोर होती, नवरा आत होता, आणि तिने वाक्य माझ्या हातात आणून दिलं होतं. मी म्हटलं, "हो ना." एवढंच. मग उठलो.

महिनाभरात मी पावडर बदलून घेतली. नवी सौम्य होती, मोजे जरा पिवळे राहायचे, पण चालायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून चाललं असतं. समितीच्या बैठकीत ही सुधारणा म्हणून मांडली गेली आणि त्याचंही कौतुक मलाच मिळालं. आता शेडमधल्या बायकांचे हात बरे आहेत. ती आज शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवते-उतरवते. हात ओढणीत गुंडाळून बसते असं ऐकलं. ऐकलंच आहे. त्या चहानंतर मी तिच्या दारात गेलेलो नाही.

माझा अहवाल विद्यापीठात दर वर्षी नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात. गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "या वर्षी तुम्हीच या ना. लोकांशी बोलून फॉर्म कसे भरायचे ते मुलांना सांगा. त्यांना नीट विचारताच येत नाही हो." मी हो म्हटलं. इतकी वर्षं मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत आलोय, नाही म्हणायला जी ताकद लागते ती कुठेतरी संपली आहे.

फोन ठेवल्यावर कपाटातून मूळ फॉर्म काढले. विद्यापीठाला प्रती दिल्या होत्या, मूळ कागद माझ्याकडेच राहिले. प्रतीत काही दिसत नाही. पण मूळ कागद खिडकीपाशी तिरका धरला, तर माझ्या सुबक अक्षरांखाली पेन्सिलीचा दाब अजून उमटलेला आहे. सगळं वाचता येत नाही. "भाकर" एवढं येतं.

बायकोने हे अजून वाचलेलं नाही. आज वाचायला देणार आहे.

मॅडमना पत्र लिहायचं राहिलंय, की एकोणीस नंबरच्या फॉर्मवरचं अकरावं उत्तर खोटं आहे, ते मी घातलेलं आहे, आणि तो अहवाल मुलांना दाखवू नये. आणि त्याआधी त्या चाळीत जायचं राहिलंय. तिला सांगायचंय की वरच्यांनी वाचलं नाही हे खरं नाही, त्यांच्यापर्यंत ते गेलंच नाही, मी पुसलं. तिचे हात मी परत देऊ शकत नाही. हे एवढं सांगणं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.